सू-वीद, मोबाईलचं ॲप आणि आखाडातलं दीड किलो मटण

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

मंडळी, आधी नुकसान सांगतो, मग प्रश्न विचारतो.

तीन महिन्यांपासून आमच्याकडे सू-वीदची कांडी आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: हँड ब्लेंडरपेक्षा थोडी जाड, पातेल्याच्या कडेला चिमट्यानं अडकवायची. आत कॉइल आणि पाणी फिरवणारा छोटा पंखा. ६५ अंश म्हटलं की पाणी ६५ वर नेते आणि तासन् तास तिथंच धरून ठेवते. मटण पिशवीत घालून त्या पाण्यात सोडायचं. नाव फ्रेंच आहे, अर्थ 'निर्वातात'. पण व्हॅक्यूम मशीन लागतंच असं नाही. झिपची पिशवी तोंड उघडं ठेवून हळूहळू पाण्यात उतरवली की पाण्याच्या दाबानं हवा वर निघून जाते, शेवटचा कोपरा तेवढा दाबून बंद करायचा.

माझ्या कांडीला बटण नाही. एकसुद्धा नाही. तापमान, वेळ, चालू, बंद सगळं मोबाईलवरून. (कंपनीचं नाव विचारू नका, लिहिणार नाही.)

आखाडातला शनिवार. दीड किलो बोकडाचं, मांडी आणि खांदा. संध्याकाळी सातला ६५ वर लावलं, चोवीस तासांसाठी. रविवारी रात्री पाहुणे. रात्री दीडनंतर केव्हातरी लाइट गेली, पाच-सव्वापाचला आली. कांडी मात्र आपण होऊन चालू झाली नाही, ॲपवर 'ऑफलाइन' लिहून गप्प बसली. साडेपाचला उठून थर्मामीटर घातला तर पाणी ४१. मोबाईल बघतो तर १.४३ ला सूचना येऊन पडलेली: यंत्राशी संपर्क तुटला. फोन सायलेंटवर.

सगळं टाकून दिलं. आई काही बोलली नाही, फक्त कुकर धुऊन ओट्यावर ठेवला. तेच जास्त लागलं.

प्रश्न असे की टाकलं ते बरोबर केलं का, रात्री लाइट गेली तर कळणार कसं, आणि असलं ॲपवालं यंत्र आपल्याकडे वापरण्यात अर्थ आहे का?

---

जुना_खवय्या (कराड)

दीड किलो टाकलंत? आखाडात? अहो, आमच्याकडे चुलीवर पातेलं ठेवलं की रात्री लाइट गेल्याचं मटणाला कळतसुद्धा नाही.

---

विश्रामबागवाली (सांगली)

काका, मीठ नका चोळू हो 😄

दादा, वाईट वाटलं वाचून. माझ्याकडे दोन वर्षं आहे ही कांडी, पण मी चोवीस तासांच्या भानगडीत पडतच नाही. रात्री चालू ठेवायची म्हणजे झोप उडते. अंडी, चिकन आणि दही, एवढंच.

---

सूक्ष्मदर्शक (इस्लामपूर, सध्या पुणे)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण हाच माझा विषय आहे.

टाकलंत ते बरोबर. कारण मात्र बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे. लाइट जाण्याआधी मटण पावणेसात तास ६५ अंशांवर होतं. तेवढ्यात साल्मोनेला, ई. कोलाय वगैरे नेहमीची मंडळी मेलेली असतात. उरतात ते बीजाणू, म्हणजे काही जीवाणूंचं कवचात झोपलेलं, उष्णतेला न जुमानणारं रूप. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जीवाणू मांसात सहज सापडतो, आणि त्याचे बीजाणू ६५ अंशांना दाद देत नाहीत. पाणी पन्नासच्या खाली आलं की ते जागे होतात. ४३ ते ४७ हा त्यांचा आवडता पट्टा. तिथं त्यांची संख्या दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होते. शिवाय पिशवीत हवा नाही आणि त्यांना हवा नकोच असते. म्हणजे आपण त्यांना बिऱ्हाड थाटून दिल्यासारखंच.

तुमचं पाणी ४१ पर्यंत आलं म्हणजे ते या पट्ट्यातून सावकाश खाली आलं. पुन्हा चांगलं खळखळून उकळलं असतं तर हे जीवाणू मेले असते आणि बहुधा कुणाला काही झालं नसतं. पण 'बहुधा'च्या जोरावर पाहुण्यांना वाढायचं नाही. वासावरून, चवीवरून यातलं काहीही कळत नाही.

पाणी ५५ च्या वर असताना लाइट आली असती तर मी म्हटलं असतं, लगेच चालू करा आणि पुढे चला.

एक विचारायचं राहिलं, कुत्र्याला तर घातलं नाहीत ना?

---

अजिंक्यतारा_पायथा

नाही ताई, पुरलं. धन्यवाद, निदान मनाला शांती. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "बिऱ्हाड" ऐकून हसली.

---

सोल्डरिंग_गन (मिरज)

आता पाण्याचा हिशोब बघू, त्यात सगळं आहे.

दहा लिटर पाणी २५ वरून ६५ वर न्यायला साधारण १६८० किलोज्यूल लागतात. हजार वॅटची कांडी ते अठ्ठावीस मिनिटांत करते. जवळजवळ अर्धं युनिट. पुढे चोवीस तास ती फक्त पातेल्यातून निघून जाणारी उष्णता भरून काढते. स्टीलचं उघडं-बोडकं पातेलं, वर नुसतं झाकण, अशा वेळी शंभर वॅटच्या आसपास उष्णता जाते. म्हणजे दिवसाला अडीच युनिट त्यातच. आणि लाइट गेली की पहिल्या तासात आठ-नऊ अंश खाली. दादा, तुमचं ४१ या हिशोबात अगदी बरोबर बसतं.

उपाय साधा आहे. पातेलं सोडा, आइसबॉक्स घ्या. सहलीला कोल्ड्रिंक न्यायचा असतो तोच. झाकणाला कांडीपुरतं भोक पाडा. मी ६५ वर भरून कांडी बंद करून बघितलं, चार तासांनी ६० होतं. (८५ अंशांच्या भाजीसाठी मात्र वापरू नका, माझं झाकण कमानीसारखं वाकलं.)

इन्व्हर्टरवर चालेल का हा प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगतो. घरातला नेहमीचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर हजार वॅट ओढत नाही. नाद करू नका.

---

विश्रामबागवाली

आइसबॉक्सची कल्पना भारी! गेल्या मे महिन्यापासून माळ्यावर पडलाय.

माझी फजिती सांगते, म्हणजे धागालेखकांना बरं वाटेल. माझी कांडी दिरांनी अमेरिकेतून आणलेली. पहिली गोष्ट, ती १२० व्होल्टची. आपल्याकडे २३०. नशीब, मागचा स्टिकर वाचला आणि ट्रान्सफॉर्मर आणला, नाहीतर प्लग लावताच दिवाळी. दुसरी गोष्ट, ॲप. पहिल्यांदा अंडी लावली. कुठंतरी वाचलेलं, ६३ अंश, एक तास. ६३ टाकलं, चालू केलं, लगेच टिंग वाजून 'पाणी तयार आहे'. मी खूश, काय झटपट यंत्र! तासानं अंडं फोडलं तर जसं घातलं तसं.

ॲप फॅरेनहाइटमध्ये होतं. ६३ फॅरेनहाइट म्हणजे आपले १७. सांगलीच्या नळाचं पाणीच त्याहून गरम. यंत्र बिचारं म्हणत होतं, बाई, झालंय की.

आता नीट जमतं. ६३ सेल्सिअसला अंडं कवचासकट, पिशवी नको. पांढरं जेमतेम धरलेलं, पिवळं मधासारखं दाट. मुलाला टोस्टवर आवडतं, सासूबाई बघतसुद्धा नाहीत. चिकनचा छातीचा तुकडा ६२ ला पावणेदोन तास, मग बिडाच्या तव्यावर अर्धा मिनिट दोन्ही बाजूंनी.

पण सासूबाईंनी कांडीला घरात घेतलं ते दह्यामुळे. ४३ अंश, दूध आधी उकळून कोमट केलेलं, विरजण चमचाभर, झाकणाच्या बरण्या गळ्यापर्यंत पाण्यात. सहा तास. जानेवारीतसुद्धा सुरी फिरवावी असं दही. चक्का तर काय विचारता.

---

सूक्ष्मदर्शक

विश्रामबागवाली, गंमत बघा, ज्या ४३ अंशांना मटण टाकावं लागलं त्याच तापमानाला तुमचं दही लागतं. दह्यात आपण आपले जीवाणू आधी घालतो आणि ते आंबटपणा करून इतरांना जागा देत नाहीत. मटणात असा कुणी रखवालदार नसतो.

---

जुना_खवय्या

चला, दही पटलं. आता माझा खरा प्रश्न. चेष्टा नाही करत. वाटण कुठं गेलं? मटणाला आलं-लसूण, कांदा-खोबरं हे सगळं पिशवीत घालता का? आणि घातलं तर ६५ अंशांत ते शिजतं का? मला तर वाटतं कच्चाच वास येईल.

---

टेबललँड (पाचगणी)

काका, एवढ्या चर्चेत मुद्द्याचं तुम्हीच विचारलंत. मी हॉटेलच्या किचनमध्ये आहे, तिथं आठ महिने हे केलंय.

६५ अंशांत लसूण शिजतच नाही. चोवीस तासांनीही कच्चाच, आणि पिशवीत कोंडल्यानं उलट जास्त उग्र. कांद्याचंही तेच. भाज्यांच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन ८४-८५ च्या खाली नीट सुटत नाही. म्हणून गाजर, बटाटा लावायचा तर ८५. मटण ६५ ला मऊ होतं कारण तिथं वेगळंच काम चालतं. चिवट कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. त्याला घाई नसते, वेळ लागतो. एकाच पिशवीत दोघांना खूश करता येत नाही.

आल्याचं सगळ्यात वाईट. कच्च्या आल्यात मांस मऊ करणारं एंझाइम असतं, झिंजिबेन. आपल्या रश्शात ते पातेलं उकळताना मरून जातं, म्हणून कधी लक्षात येत नाही. पण त्याची सगळ्यात जोरात काम करायची जागा म्हणजे ६० अंशांच्या आसपास! मी पहिल्यांदा घरच्या सवयीनं आलं-लसूण पेस्ट चोळून मटण रात्रभर लावलं. सकाळी पिशवी उचलली तर आत हाडं खुळखुळत होती. तुकडा बोटांत धरला तर ओल्या कणकेसारखा दबला. रेषा नाही, चावणं नाही, लगदा. शेफनी चमचाभर तोंडात घातलं, माझ्याकडे बघितलं आणि "बाळाला भरव" म्हणाले. कच्ची पपई लावली असती तर याहून वाईट.

तेव्हा पिशवीत फक्त मीठ, हळद, थोडं तेल, लवंग-दालचिनी. वाटण वेगळं, तेलात नीट तांबूस होईपर्यंत परतायचं. शेवटी पिशवीतलं पाणी, तो खरा अर्क, गाळून रश्शात उकळून घ्यायचा आणि तुकडे अखेरची पाच मिनिटं सोडायचे.

अवांतर: महाबळेश्वर-पाचगणीला पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणून आमच्याकडे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कांडीला याचं काही देणंघेणं नाही. ६५ म्हणजे खाली वाईतही ६५ आणि वर वेण्णा तलावाशीही ६५.

---

जुना_खवय्या

म्हणजे वाटण वेगळं, रस्सा वेगळा, तवा वेगळा, आणि चोवीस तास कांडी वेगळी. चार भांडी जास्त. पण लगद्याची गोष्ट आवडली, घरी वाचून दाखवली.

---

सोल्डरिंग_गन

आता ॲपबद्दल, कारण धाग्याच्या नावात ते आहे.

कॉलेजात असताना मी स्वतःच हे बनवलं होतं. ईएसपी-३२ चा बोर्ड (वायफायवाला छोटा संगणकच), डीएस१८बी२० सेन्सर (अर्ध्या अंशापर्यंत बरोबर, स्वयंपाकाला पुरतो), सॉलिड स्टेट रिले (रॉड चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि घरातला पाणी तापवायचा रॉड. मोबाईलवर छान पान केलं होतं, तापमानाचा आलेख, चालू-बंद. मित्रांना दाखवायला अंडी लावली. गप्पा मारत बसलो. मोबाईलवर 'हीटर बंद' असं हिरव्या अक्षरात. आणि स्वयंपाकघरातून खळखळ आवाज. रिले जळून बंद व्हायच्या ऐवजी चालू स्थितीतच अडकला होता. हे रिले बहुतेक वेळा तसेच मरतात. पाणी उकळतंय, अंडी फुटून पांढरा फेस ओट्यावर आलाय, आणि ॲप म्हणतंय बंद.

तेव्हा कळलं की ॲपवर दिसतं ते आपण दिलेलं फर्मान. पाण्यात काय चाललंय ते पाण्यालाच विचारावं लागतं. विकतच्या कांडीत पाणी कमी झालं तर बंद पडायची सोय असते, जास्त तापलं तर तुटणारं सर्किट असतं. माझ्यात काहीच नव्हतं. कुणी हा धागा वाचून रॉड घेऊन बसणार असेल तर हात जोडतो, नका बसू. आणि विकतची वापरतानाही ओट्याच्या सॉकेटला ३० मिलिॲम्पची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, बघून घ्या. पाणी आणि २३० व्होल्ट शेजारी शेजारी आहेत.

जोडणीच्या तक्रारी नेहमी येतात, तर एका ओळीत: यातली बहुतेक यंत्रं फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफाय ओळखतात. फोन ५ वर असेल तर तासभर कपाळ बडवाल.

---

परदेशी_पाखरू (मूळ सातारा, सदरबझार)

बटण नसलेल्या यंत्रांबद्दल थोडी माहिती. 'जूल' नावाची कांडी (२०१६ मध्ये शेफस्टेप्स कंपनीनं आणली, नंतर ब्रेव्हिल कंपनीकडे गेली) मुद्दाम तशीच बनवलेली आहे, पडदा नाही, तापमान लावायचं बटण नाही. त्यामुळे ती इतकी लहान होऊ शकली. दुसऱ्या बाजूला 'अनोव्हा' कंपनीच्या कांड्यांना बटणं आहेत. त्यांनी २०२४ मध्ये नव्या खात्यांसाठी ॲपला वर्गणी लावली, आणि अगदी पहिल्या पिढीच्या यंत्रांना ॲपचा आधार २८ सप्टेंबर २०२५ पासून बंद करायचं जाहीर केलं. त्यातली गोम अशी की ती जुनी यंत्रं बटणांवर हातानं चालतात, म्हणून कचऱ्यात जात नाहीत. बटण नसलेल्याचं ॲप गेलं तर उरेल तो महाग पेपरवेट.

त्यामुळे नवीन घेणाऱ्यांनी दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा, मोबाईल नसताना चालू होतं का?

---

विश्रामबागवाली

माझ्याला बटणं आहेत आणि खरं सांगू का, ॲप मी वर्षभर उघडलेलंच नाही. दह्याला ४३, चिकनला ६२, अंड्याला ६३. एवढे तीन आकडे फ्रिजवर चिकटवलेत.

एक घरगुती सूचना: आपल्याकडे बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर बसतो, मग कांडी कण्हते. महिन्यातून एकदा पाण्यात वाटीभर व्हिनेगर घालून ६० वर अर्धा तास चालवा.

---

बुधवार_बाजार (सांगली)

पण ॲपचा एक उपयोग आहे ना? सकाळी पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून जायचं आणि ऑफिसातून चारला चालू करायचं. म्हणूनच घ्यायचा विचार होता.

---

सूक्ष्मदर्शक

जाहिरातीत छान दिसतं. सांगलीत एप्रिलमध्ये चाळीस अंशांत बंद घरात बर्फ अकरालाच पाणी होईल. चारला तुम्ही जे चालू कराल ते पाच तास कोमट पाण्यात बसलेलं कच्चं चिकन असेल. त्यापेक्षा आदल्या दिवशी शिजवा, पिशवी बर्फात थंड करा, फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी तव्यावर घ्या.

---

अजिंक्यतारा_पायथा

सगळ्यांचे आभार. दुसरा प्रश्न अजून तसाच आहे, रात्री लाइट गेल्याचं कळायचं कसं?

---

जुना_खवय्या

आम्हाला तर पंखा थांबला की जाग येते.

---

अजिंक्यतारा_पायथा

काका, साताऱ्यात आखाडात पंखा कोण लावतं! दोन गोधड्या घेऊन झोपतो.

---

सोल्डरिंग_गन

मग इमर्जन्सी बल्ब लावा. लाइट गेली की आपोआप पेटणारा, आत बॅटरी असते. उशाच्या वरच्या होल्डरमध्ये. डोळ्यावर पडला की उठालच. ॲप नको, वायफाय नको.

---

अजिंक्यतारा_पायथा (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. श्रावण लागायच्या आधी एकदा करायचंच होतं.

या वेळी एक किलोच आणलं. पाचगणीकरांच्या सांगण्याप्रमाणे पिशवीत मीठ, हळद, तेल, दोन लवंगा. मामांचा आइसबॉक्स, झाकणाला करवतीनं भोक. (मामांना अजून सांगितलेलं नाही.) बल्ब उशाशी.

रात्री तीन-दहाला लाइट गेलीच. बल्ब तोंडावर पेटला, धडपडत स्वयंपाकघरात गेलो. आई आधीच तिथं. तिला बल्ब नको आणि सूचनाही नको, फ्रिजची घरघर थांबली तेवढं पुरे. आइसबॉक्सवर आजोबांची माणदेशी घोंगडी चारी बाजूंनी खोचून ठेवलेली, आणि वर वरवंटा. थर्मामीटर घालायला घोंगडी उचलायला लागलो तर म्हणाली, "सारखं उघडू नको, गार होतंय."

पहाटे पावणेपाचला लाइट आली. ६३.५ होतं. ॲप उघडून पुन्हा चालू केलं.

---

जुना_खवय्या

घोंगडीला मटणाचा वास लागला असेल. रस्सा कसा झाला ते लिहिलंच नाहीत.

---

अजिंक्यतारा_पायथा

तांबडा केला. तुकडा दाताला लागतो आणि मग सुटतो, कुकरमध्ये असं कधी झालं नव्हतं. आई म्हणाली बरं झालंय, पण हाडाचा रस कमी उतरलाय, पुढच्या वेळी नळ्या वेगळ्या कुकरला लावू.